मुंबई ते लंडन : एका अंतराचा इतिहास

मुंबईपासून लंडन किती लांब आहे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. त्याचे उत्तर शाळेतला मुलगाही काढू शकेल. पृथ्वीचा गोल हाती घ्यावा, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरावे, दोरा ताणावा, आणि त्याची लांबी गोलाच्या प्रमाणाने मोजावी. ती सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. भूगोलाच्या दृष्टीने प्रश्न येथे संपला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो येथून सुरू होतो. कारण हे ७,२०० किलोमीटर शिवाजीमहाराजांच्या काळी जितके होते तितकेच आजही आहेत, आणि तरीही या दोन शहरांमधले अंतर कधी सहा महिन्यांचे होते, कधी सहा आठवड्यांचे, कधी दोन आठवड्यांचे, आणि आज ते नऊ-दहा तासांचे आहे.

गोलावर ताणलेला तो दोरा कोठून जातो, हे पाहण्याजोगे आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात पाहिले तर मुंबईहून निघालेली सरळ रेघ अरबस्तान व भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा यांच्यावरून जावी असे वाटते. गोलावरचा दोरा तसे करीत नाही. तो वायव्येला झुकतो. सौराष्ट्र व कच्छ ओलांडून सिंध-बलुचिस्तानात शिरतो, इराण तिरपा कापून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण काठाशी येतो, काकेशस पर्वत ओलांडतो, काळ्या समुद्राचा ईशान्य कोपरा गाठतो, आणि युक्रेन, पोलंड, जर्मनी असे करीत इंग्लंडच्या किनाऱ्याला लागतो. मुंबईहून लंडनला जाण्याची सर्वांत जवळची वाट ती हीच. आता गंमत अशी की, गेल्या सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षांत या दोन शहरांच्या दरम्यान लाखो माणसे आली-गेली, पण या दोऱ्यावरून अथपासून इतिपर्यंत जाण्याचा योग बहुधा कोणालाच आला नसेल. ज्याला जी वाट मोकळी मिळाली त्या वाटेने तो गेला. आजच्या भाषणाचा विषय ही मोकळी वाट आहे.

पहिली मोकळी वाट समुद्राची होती, आणि ती आफ्रिका खंडाला पुरता वळसा घालून जाई. वास्को द गामा १४९७च्या जुलैत लिस्बनहून निघाला तो १४९८च्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. पुढची साडेतीनशे वर्षे इंग्लंडची जहाजे याच मार्गाने येत राहिली. या वाटेने लंडन मुंबईपासून सुमारे २०,००० किलोमीटर पडते, म्हणजे आपल्या दोऱ्याच्या जवळजवळ पावणेतीनपट. शिडाच्या जहाजाला चार-सहा महिने लागत, आणि वारा पडला तर किती लागतील याचा भरवसा नसे. राजा राममोहन रॉय १८३०च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून निघाले ते १८३१च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलला उतरले.

अशा अंतराचा राज्यकारभारावर काय परिणाम होत असेल, याची कल्पना आज सहजी येत नाही. मुंबईच्या गव्हर्नराने लंडनला प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत वर्ष लोटावे! तोपर्यंत लढाई होऊन गेलेली असे, तह मोडलेला असे, आणि प्रश्न विचारणारा कित्येकदा हयात नसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलदारांनी या देशात जे मन मानेल ते केले, त्याचे एक कारण त्यांच्या स्वभावात असेल. दुसरे या अंतरात होते. वरिष्ठांची संमती नंतर मिळवावयाची, आधी काम उरकून घ्यावयाचे, ही रीत समुद्रानेच त्यांना शिकवली.

या अंतराची झळ ज्यांना लागली त्यांत साताऱ्याचे वकील रंगो बापूजी यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले. महाराजांची दाद इंग्लंडात लावून घ्यावी म्हणून रंगो बापूजी लंडनला गेले, आणि तेथे चौदा वर्षे राहिले. कंपनीच्या सभांतून त्यांनी भाषणे केली, अर्जांमागून अर्ज लिहिले, कर्ज काढून दिवस ढकलले. साताऱ्यात आणि काशीत काय घडत आहे हे त्यांना डाकेने कळे, आणि डाक म्हणजे झाल्या गोष्टीची शिळी हकीकत. १८४७च्या ऑक्टोबरात प्रतापसिंह काशीला निवर्तले. ती बातमी लंडनला पोहोचावयाला कित्येक आठवडे लागले. तोवर वकील आपल्या धन्याची बाजू मांडीतच होता. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५३ साली रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परत आले.

त्यांच्या काळात एक दुसरी वाट उघडू लागली होती. तिचा आरंभ मुंबईच्या गोदीत झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. वाडिया घराण्याच्या कारागिरांनी येथे ‘ह्यू लिंडसे’ नावाची एक वाफेची बोट बांधली. २० मार्च १८३० रोजी ही बोट मुंबईहून निघाली आणि तांबड्या समुद्रातून ३३ दिवसांनी सुएझला पोहोचली. त्यांतले प्रत्यक्ष चालण्याचे दिवस २१. उरलेले कोळसा भरण्यात गेले. तिच्या कोठारात साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी सोय होती, आणि एडन तर अकरा दिवसांच्या टप्प्यावर! तेव्हा जेथे जागा दिसेल तेथे, अगदी खोल्यांतूनसुद्धा, कोळसा रचला गेला. एडनला बोट लागली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा शिल्लक उरला होता. या एका सफरीने दोन गोष्टी सिद्ध केल्या : एक, वाफेच्या जोरावर सुएझ गाठता येते, आणि दुसरी, एडन हाती असल्यावाचून ते नेमाने गाठता येणार नाही. १८३९च्या जानेवारीत इंग्रजांनी एडन घेतले, आणि पुढे सुमारे शंभर वर्षे त्या ठाण्याचा कारभार मुंबईहून चालला. कोळशाच्या एका ढिगासाठी एक बंदर जिंकले गेले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

सुएझच्या पुढे मात्र जमीन होती. प्रवासी व टपाल उंटांवरून आणि घोड्यांच्या गाड्यांतून वाळवंट तुडवीत कैरोला जाई, तेथून नाईल नदी व कालवा यांतून अलेक्झांड्रियाला, आणि तेथे दुसरी आगबोट मिळे. थॉमस वॅगहॉर्न नावाच्या एका इंग्रज खलाशाने या मार्गाचा ध्यास घेतला होता. सुएझला यावयाची बोट आली नाही म्हणून हा गृहस्थ एका उघड्या होडक्यात बसून तांबड्या समुद्रातून जिद्द्याला गेला. इतरांचा वेळ वाचवण्यात ज्याने आयुष्य वेचले तो १८५० साली कर्जबाजारी होऊन मेला. या नव्या वाटेने सहा महिन्यांचे सहा आठवडे झाले. तरीही १० मे १८५७ला मेरठला उठाव झाला त्याची खबर लंडनला जूनच्या अखेरच्या आठवड्यात लागली. दिल्ली पडून दीड महिना उलटला होता, आणि लंडनचे लोक सुखाने झोपत होते.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि जलमार्ग एकदम २०,००० किलोमीटरांवरून सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आला. त्याच सुमारास, १८७० साली, मुंबईपर्यंत समुद्राच्या तळातून तारेची दोरी येऊन पोहोचली. या दोन घटनांनी एक चमत्कारिक फारकत केली. तोपर्यंत बातमी माणसाच्या पायांनी किंवा जहाजाच्या शिडांनी चाले. माणूस आणि निरोप बरोबरच पोहोचत. आता निरोप तासांत जाऊ लागला आणि माणूस मागे राहिला. गव्हर्नराची मोकळीक संपली. लंडनचा हुकूम दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर येऊ लागला.

माणसाला अजून किती दिवस लागत, हे एकाच व्यक्तीच्या दोन प्रवासांवरून पाहता येईल. मोहनदास गांधी हे अठरा वर्षांचे तरुण ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ या आगबोटीने निघाले आणि सप्टेंबर संपता संपता इंग्लंडला उतरले. म्हणजे जवळजवळ पंचवीस दिवस. तेच गांधीजी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ला ‘राजपुताना’ बोटीने निघाले, मार्सेल्सला उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडते झाले, आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये होते. त्रेचाळीस वर्षांत फरक पडला तो दहा-अकरा दिवसांचा. आगबोट आपल्या वेगाच्या मर्यादेला येऊन ठेपली होती.

आणि गांधीजी बोटीने गेले त्याच्या अगोदर दोन वर्षे लंडनहून हिंदुस्थानला विमान येऊ लागले होते! ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या कंपनीचे पहिले विमान लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीसाठी निघाले. प्रवास सात दिवसांचा आणि भाडे १३० पौंड. हा प्रवास कसा होता ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. लंडन ते स्वित्झर्लंडमधील बाझल विमानाने. बाझल ते जिनोव्हा रात्रीच्या आगगाडीने, कारण आल्प्स पर्वत ओलांडण्याची धमक त्या विमानात नव्हती आणि वाटेतल्या देशांशी परवानगीची बोलणीही जुळत नव्हती. जिनोव्हा ते अलेक्झांड्रिया पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, टप्प्याटप्प्याने. आणि कैरोपासून पुढे तीन इंजिनांच्या विमानाने बगदाद, बसरा, इराणचा किनारा असे करीत कराची. रात्री उड्डाण नसे. प्रवासी संध्याकाळी उतरत, जेवत, झोपत, आणि उजाडताच पुन्हा निघत. इराकच्या वाळवंटात रुतबा येथे विहिरींभोवती एक किल्लेवजा धर्मशाळा होती. विमानाचे उतारू तेथे मुक्कामाला असत.

या वाळवंटातली एक गोष्ट मला फार आवडते. कैरो ते बगदाद या वाटेवर खाली ओळखीची खूण अशी काहीच नाही, तेव्हा वैमानिकाने दिशा कशी राखावी? म्हणून १९२१ साली ब्रिटिश हवाई दलाने वाळवंटात मैलोगणती नांगराने तास ओढवला, आणि वैमानिक त्या तासावर नजर ठेवून उडत. नांगराच्या रेघेला आणि घड्याळातल्या साठ मिनिटांना मराठीत एकच शब्द आहे, हा योगायोग खरा. पण हवेतले तास वाचावेत म्हणून जमिनीवर तास ओढावा लागला, यातली मौज मराठी माणसाला जितकी कळेल तितकी दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

त्याच वाटेवर १९३० साली एक शर्यत झाली. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, तर सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी तेथे अडकून पडला होता. त्याच्यापाशी इंजिनाचे जादा स्पार्क प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे काढून दिले. शर्यत अस्पीने जिंकली, टाटा थोडक्यात मागे पडले. पुढे हाच अस्पी इंजिनियर भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

कराचीपर्यंत आलेले टपाल मुंबईला आणण्याचे काम टाटांनीच केले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एका इंजिनाच्या चिमुकल्या ‘पुस मॉथ’ विमानात सुमारे २५ किलो टपाल घेऊन सकाळी कराचीहून निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला उतरले. मुंबई ते लंडन या हवाई मार्गाचा मुंबईकडचा टप्पा हा असा सुरू झाला.

ह्या वर्षाचीच दुसरी एक घटना आहे आणि ती माझ्या विषयाला अधिक जवळची आहे. इराण सरकारने आपल्या किनाऱ्यावरून विमाने नेण्याची परवानगी पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. झाले! १९३२च्या ऑक्टोबरपासून लंडनची विमाने आखाताच्या पलीकडच्या, अरबी काठाने येऊ लागली. शारजा हे तेव्हा लहानसे गाव होते. तेथील शेखांशी करार होऊन उतारूंसाठी गढीसारखी धर्मशाळा बांधण्यात आली. आकाशाला कुंपण नाही असे आपण म्हणतो. ते कवींना ठीक आहे. विमानाला पहिल्या दहा वर्षांतच कळले की, आकाशाला कुंपण आहे आणि त्याच्या दाराची किल्ली खाली जमिनीवर कोणाच्या तरी खिशात आहे.

थोडक्यात आणखी एक आठवण सांगतो, कारण ग्वाल्हेरकडच्या श्रोत्यांना ती रुचेल. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पाण्यावर उतरणारी मोठी विमाने कराचीहून पुढे कलकत्त्याकडे जाऊ लागली, तेव्हा त्यांना मध्ये तळी हवी होती. मेवाडातले राजसमंद आणि ग्वाल्हेरचे तळे यांवर ती उतरत. संस्थानी तळ्यात लंडनचे विमान डुलताना पाहण्याचा योग त्या पिढीला आला.

स्वतंत्र भारताचे स्वतःचे विमान लंडनला गेले ते १९४८ साली. ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा या मार्गाने १० जूनला लंडनला उतरले. रंगो बापूजींना जाऊन त्या वेळी सव्वाशे वर्षेही झाली नव्हती. १९६० साली जेट विमाने आली आणि प्रवास एका दिवसाच्या आत आला. तरी ती वाटेत इंधनासाठी व उतारूंसाठी थांबत. लांब पल्ल्याची विमाने आल्यावर मुक्काम गळाले, आणि आज मुंबईत बसलेला माणूस थेट लंडनलाच उतरतो. जाताना वेळ थोडा अधिक लागतो, येताना कमी, कारण उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात आणि परतताना पाठीशी असतात.

तर मग आपला दोरा आता तरी सापडला का? नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५मध्ये पहलगाम येथील हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांना. १३ जून २०२५ रोजी इराणवर हल्ले सुरू झाले तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेले एक विमान निम्म्या वाटेवरही न पोहोचता मागे फिरले आणि पुन्हा मुंबईला उतरले. सिंध, इराण, युक्रेन! गोलावर ताणलेला दोरा ज्या ज्या देशांवरून जातो, नेमके ते ते देश. समुद्राचीही तीच कथा. १९६७च्या युद्धात सुएझ बंद झाला तो १९७५ साली उघडला. ती आठ वर्षे मुंबईची जहाजे पुन्हा वास्को द गामाच्या वाटेने गेली. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले तेव्हा कित्येक कंपन्यांनी तोच जुना वळसा पुन्हा पत्करला.

आल्प्सचे सांगावयाचे राहिले. जिनिव्हाला थांबावयाचे म्हणजे माँ ब्लां या पर्वताच्या जवळून उतरावे लागे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या पर्वतावर आदळले आणि त्यातली ४८ माणसे मरण पावली. उतारूंपैकी बहुतेक हिंदी खलाशी होते. इंग्लंडच्या एका बंदरात त्यांची बोट उभी होती आणि त्या बोटीवर रुजू होण्यासाठी ते विमानाने चालले होते. त्यांच्या बापजाद्यांनी हीच वाट बोटीच्या भट्टीत कोळसा ओढीत काटली असेल. त्यांना वाचवण्यासाठी बर्फात गेलेला एक स्थानिक वाटाड्याही प्राणास मुकला. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनगंगा’ हे बोइंग जेट मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा असे लंडनकडे जात असता त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच ठिकाणी आदळले. आपण पर्वत ओलांडून आलो, असा वैमानिकाचा समज झाला होता. ११७ माणसे गेली, त्यांत डॉ. होमी भाभा होते.

त्या पर्वतावरून बोसों नावाची हिमनदी खाली दरीत उतरते. ती दिवसाला थोडी थोडी सरकते आणि पोटात जे असेल ते सावकाश खाली आणते. २०१२च्या ऑगस्टमध्ये तिच्या काठाशी गिर्यारोहकांना तागाची एक पिशवी सापडली. भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची ती टपालाची पिशवी होती. आत १९६६च्या जानेवारीतली वर्तमानपत्रे होती. भिजलेली, पण वाचता येण्याजोगी. पिशवी पॅरिसच्या भारतीय वकिलातीच्या स्वाधीन करण्यात आली. ती दिल्लीहून निघाल्याला तेव्हा शेहेचाळीस वर्षे झाली होती.